आधी प्रतिकृतीवर, मग राउटरवर

८ जुलै २०२२ च्या पहाटे कॅनडातल्या रॉजर्स या दूरसंचार कंपनीने राउटरच्या सेटिंगमधला एक फिल्टर काढला. बाहेरच्या मार्गांची अख्खी यादी आत शिरू नये, एवढंच त्याचं काम. तो निघताच यादीचा लोंढा मुख्य राउटरांवर आदळला, त्यांना तो पेलला नाही आणि सव्वा कोटीच्या आसपास ग्राहकांचे फोन व इंटरनेट बंद पडले. देशभर डेबिट व्यवहार अडले, ९११ या आपत्कालीन क्रमांकाचे कॉलही अनेकांना लागेनात. दुरुस्तीसाठी राउटरपर्यंत पोचायची वाटही त्याच जाळ्यातून जात होती, त्यामुळे मूळ कारण सापडायलाच चौदा तास गेले. हा बदल सात टप्प्यांच्या कामातला सहावा टप्पा होता. आधीचे टप्पे सुरळीत पार पडले म्हणून त्याची जोखीम ‘जास्त’वरून ‘कमी’वर आणली गेली होती, असं नंतरच्या तपासणी अहवालात आलं. पाच वेळा निभावलं म्हणजे सहाव्यांदाही निभावेल, याला चाचणी म्हणत नाहीत.

चाचणीची सोय आज आहे. राउटरचा मेंदू म्हणजे मुख्यतः सॉफ्टवेअर, आणि ते साध्या सर्व्हरवरच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये चालतं. अशी शेकडो मशीन आभासी केबलींनी जोडून जाळ्याची प्रतिकृती उभी करायची, खरं कॉन्फिगरेशन चढवायचं, खऱ्या मार्गांची यादी ओतायची आणि मग फिल्टर काढून कोणाची मेमरी आधी भरते ते बघायचं. मायक्रोसॉफ्टने आपल्या क्लाउडसाठी नेमकं हेच करणारी ‘क्रिस्टलनेट’ ही यंत्रणा २०१७ मध्ये जाहीर केली. जीएनएस३ हे सॉफ्टवेअर वापरून लॅपटॉपवर चार राउटर जोडणारा विद्यार्थीही लहान प्रमाणात हेच करतो.

खऱ्या राउटरमधली पॅकेट पुढे ढकलणारी चिप व्हर्च्युअल मशीनमध्ये नसते, हा आक्षेप खरा आहे. तिचा वेग आणि तिचे दोष तिथे दिसत नाहीत, त्यासाठी प्रयोगशाळेत खरी उपकरणं लागतातच. पण मायक्रोसॉफ्टने स्वतःच्या बिघाडांची कारणं तपासली तेव्हा सॉफ्टवेअरमधल्या आणि कॉन्फिगरेशनमधल्या चुका मिळून निम्म्याहून जास्त निघाल्या, आणि त्या पकडायला प्रतिकृती उपयोगी पडते. मात्र मशीनला खऱ्या राउटरइतकीच मेमरी द्यायला हवी. ती सढळ हाताने दिली, तर रॉजर्ससारखा लोंढा प्रतिकृती हसत पचवील. खर्चाचा मुद्दा मला फारसा पटत नाही, कारण सर्व्हर तासाच्या भाड्याने मिळतात. प्रतिकृती शिळी होते, ही अडचण त्याहून मोठी. महिन्याभरापूर्वीच्या कॉन्फिगरेशनवर पास झालेला बदल खोटा दिलासा देतो. म्हणून ती माणसाने हाताने न जपता चालू जाळ्यावरून रोज आपोआप उभी राहिली पाहिजे.

सेवा बंद पडल्यावर ग्राहकाला बिलात सूट देणं सोपं असतं. पण तेवढं पुरत नाही; कोट्यवधी ग्राहकांचं जाळं चालवणाऱ्या कंपन्यांना अशी पूर्वचाचणी सक्तीची हवी, कॅनडात आणि आपल्याकडेही.