पेचकस कुणाच्या हातात?

मागच्या उन्हाळ्यात आमच्या मंडळाच्या खोलीतला पंखा बिघडला. हाताने ढकलला की फिरायचा, आपणहून फिरेना. दुरुस्तीवाला आला, वर बघून म्हणाला, "मोटार जळालीय, नवा घ्या. तुमच्या सरांचा नंबर द्या, त्यांना समजावून सांगतो."

आमचे कुणी सर नाहीत!

आमच्यातल्या एकीने सहा वर्षं कारखान्यात सर्किटवर सोल्डरिंग केलं आहे. ती म्हणाली, "जळालेली मोटार ढकलून फिरेल कशी? कपॅसिटर गेलाय." मेन स्विच बंद करून तिने तो बदलला. शंभराच्या आत काम झालं.

कपॅसिटर वीज साठवतो आणि पंख्याच्या मोटारीला सुरुवातीची गती देतो. डायोड वीज एकाच दिशेने जाऊ देतो. रेझिस्टर तिला आवर घालतो. फ्यूज स्वतः जळून बाकीचं वाचवतो. यात बाईला न कळण्याजोगं काय आहे? तरी ती मैत्रीण सांगते, "भाग रोज जोडले, पण कुठला काय करतो ते तिथे कुणी शिकवलं नाही. ते मी गल्लीतल्या रेडिओवाल्याकडे बसून शिकले." बोटं नाजूक म्हणून जोडणी बाईकडे, दुरुस्ती मात्र 'टेक्निकल', म्हणून पुरुषाकडे. ज्ञानाची ही वाटणी आपण मुकाट्याने का मान्य करायची?

"आमच्या बायकांना वाचता येत नाही," असं कुणी म्हणेल. राजस्थानात तिलोनियाच्या बेअरफूट कॉलेजात निरक्षर आज्याही सौरदिव्यांची सर्किटं जोडायला शिकल्या, त्या रंगांच्या खुणांवरून. रेझिस्टरवरचे पट्टे म्हणजे आकडेच: तपकिरी एक, काळा शून्य, लाल दोन. तपकिरी-काळा-लाल म्हणजे 1000 ओहम.

2022 साली केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल काढलं. पण वस्तू उघडायचीच भीती असेल, तर हक्क कागदावरच राहतो.

म्हणून माझी सूचना: प्रत्येक गटाने एक मल्टिमीटर घ्यावा आणि महिन्यातली एक बैठक दुरुस्तीची ठेवावी. सुरुवात बंद पडलेल्या टॉर्चपासून करा. घरच्या विजेवरची वस्तू प्लग काढल्याशिवाय उघडू नका. कपॅसिटर नंतरही झटका देऊ शकतो, तेव्हा जाणती मैत्रीण सोबत हवी.

भीती सावधपणापुरती ठेवू. बाकीची आपल्याला शिकवलेली आहे. ती विसरताही येईल.