जुनी नौका, नवा मालक

डिचोलीच्या आमच्या एका स्नेह्यांनी गेल्या महिन्यात एक प्रश्न आमच्यापुढे ठेवला. त्यांच्या अनुमतीने तो आम्ही या पानावर घेत आहोत. कारण वरकरणी तो नौकेचा असला, तरी मुळात घराच्या शिलकीचा प्रश्न आहे. समुद्रापासून दूर, इंदूर-बडोद्यास नांदणाऱ्या आमच्या वाचकांना विषय किंचित परका वाटेल. तथापि जुनी मोटार किंवा जुने घर घेण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला आहे, त्यांना तो अगदीच अनोळखी वाटू नये.

पणजीजवळ मांडवीच्या पात्रात नांगरलेली एक क्रीडानौका विकावयाची आहे. लांबी ३२ फूट, काया फायबरग्लासची, दोन डिझेल इंजिने, वरच्या मजल्यावर दुसरे सुकाणू, मागे मोकळा सज्जा आणि त्यात मधोमध पाय रोवून बसण्याची भक्कम फिरती खुर्ची. म्हणजे जाळे टाकून मासळी भरणारी ही नौका नव्हे. दांडी व गरी घेऊन एखादी मोठी इसवण तासभर खेळवावी, याच हौसेसाठी ती बांधलेली. इंग्रजीत तीस स्पोर्टफिशिंग यॉट म्हणतात. स्नेही, त्यांचे धाकटे बंधू व पुतण्या अशा तिघांनी मिळून ती घ्यावी, सुटीच्या दिवशी घरच्यांनी वापरावी आणि ऑक्टोबर ते मे पाहुण्यांना भाड्याने फिरवावे, असा बेत आहे. किंमत ४० लाख सांगितली आहे.

हे घराणे पाण्याला नवखे नाही. डिचोली तालुक्यातील खाणींचे खनिज मांडवीकाठच्या धक्क्यांवरून मुरगाव बंदरास नेणाऱ्या बार्जेसपैकी एका बार्जमध्ये त्यांची भागी होती. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, मध्यंतरी पुन्हा सुरू झाल्या, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरविल्यावर मार्चपासून पुन्हा थांबल्या. त्या काळात नदीच्या वळणावळणावर बार्जेस गंजत उभ्या होत्या. कित्येकांनी त्या भंगारात काढल्या. आमच्या स्नेह्यांनीही काढली. आज नौकेसाठी जो पैसा पुढे येऊ पाहत आहे तो त्याच भंगाराचा, आणि घराची तेवढीच मोठी शिल्लक आहे. पुतणीचे शिक्षण अर्धे व्हावयाचे आहे आणि जुन्या घराचे छप्पर गेली दोन वर्षे पुढच्या साली करू म्हणून राहिले आहे. म्हणून या विचाराला आम्ही हौस म्हणून सोडून देऊ शकत नाही.

बार्जेसच्या त्या अनुभवातून एक गोष्ट ते आम्हांस अनेकदा सांगत आले आहेत. फेऱ्या चालू असताना बार्जच्या दुरुस्तीचा खर्च कधी जाणवला नाही. ती उभी राहिली आणि मग मात्र प्रत्येक महिना अंगावर आला. पहारेकरी सुटत नाही, रंग सुटत नाही, नांगराचे दोर सुटत नाहीत. गंमत अशी की, हेच गृहस्थ या पांढऱ्याशुभ्र नौकेपुढे उभे राहिले, तेव्हा ती गेली दोन वर्षे जवळजवळ हललेलीच नाही, हे ऐकून त्यांना आनंद झाला! "म्हणजे इंजिने नव्यासारखीच असणार," असे ते म्हणाले.

येथे आम्ही त्यांना थांबविले. डिझेल इंजिन चालून जितके झिजते, त्याहून समुद्रकाठी निजून राहिल्याने अधिक बिघडते. या इंजिनांना थंड ठेवण्यासाठी समुद्राचेच पाणी आत फिरविलेले असते. नौका चालत असते तोवर ते वाहते. उभी राहिली की खारे पाणी नळ्यांतून बसून राहते आणि धूर बाहेर नेणारे वाकण आतून खात सुटते. रबरी पंख्याची पाती एका बाजूस दबून ताठरतात. टाकीतल्या डिझेलमध्ये हवेतील ओलावा उतरतो व तळाशी काळा चिकट गाळ धरतो. म्हणून दहा वर्षांच्या नौकेच्या घड्याळात तासांचा आकडा फारच थोडा दिसला तर हर्ष न मानता, इतके दिवस तिची देखभाल कोण करीत होते, हे आधी विचारावे. नियमित चाललेले व वेळेवर तेल बदललेले इंजिन, आकडा मोठा असूनही, आम्ही केव्हाही अधिक पसंत करू.

इंजिन पाहावयास जावे ते सकाळी, आणि मालकाने ते तापवून ठेवण्याच्या आधी. हात लावून ते गार आहे याची खात्री करावी, मग सुरू करावयास सांगावे. धुराकडे पाहावे. काळा धूर म्हणजे हवा कमी, इंधन जास्त किंवा इंजिनावर ताण. निळा म्हणजे तेल जळते आहे. पांढरा धूर क्षणभर आला तर चालेल, पण तो रेंगाळला तर इंधन नीट जळत नाही किंवा पाणी आत शिरते आहे. त्यानंतर नौका मोकळ्या पाण्यात नेऊन थ्रॉटल पूर्ण उघडावा आणि कारखान्याने सांगितलेल्या फेऱ्यांपर्यंत दोन्ही इंजिने पोहोचतात की नाही ते पाहावे. धक्क्याला बांधलेल्या नौकेचे इंजिन गुरगुरताना ऐकून परत येणे म्हणजे वधूला बसलेलीच पाहून येण्यासारखे आहे. तेलाचा नमुना प्रयोगशाळेत दिला तर त्यातील धातूच्या कणांवरून आत काय झिजते आहे तेही कळते. खर्च किरकोळ असतो.

फायबरग्लास कुजत नाही, असे सर्रास म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. कवच कुजत नाही. पण पुष्कळ नौकांच्या सज्जाखाली व मागच्या आडव्या भिंतीत लाकडी गाभा असतो आणि तो खुशाल कुजतो. या जातीच्या नौकांत तर मोठा मासा लागला म्हणजे नौका मागे मागे चालवितात, लाटा सज्जात येतात, आणि त्या दिमाखदार खुर्चीचे बोल्ट नेमके त्याच सज्जातून खाली गेलेले असतात. बोल्टाभोवतीचा लेप फाटला की पाणी गाभ्यात. लहान हातोडीने ठोकत जावे. ठणठणीत आवाज येत असता मध्येच बद्द आवाज आला तर ती जागा खडूने खुणावी. पाण्याखालच्या भागावर फोड आले आहेत का हे नौका बाहेर काढल्याखेरीज कळत नाही, आणि ती बाहेर काढली असता सुकाणूजवळचे जस्ताचे तुकडेही पाहावेत. इतर धातूंऐवजी समुद्राने आपल्याला खावे म्हणून ते लावलेले असतात. ते अर्धेअधिक खाल्लेले दिसले तर काम चालू आहे असे समजावे. त्यांवर कोणी रंग मारून ठेवला असेल, तर त्या माणसाने नौकेची बाकीची काळजीही कशी घेतली असेल, याचा अंदाज करता येतो.

जुनेपण हाच दोष, असे मात्र आम्ही मानीत नाही. दिवाडी बेटावरच्या गोदीत बांधलेली नौदलाची 'म्हादेई' २००९ साली दाखल झाली. लाकडी गाभा व वर फायबरग्लास हीच तिची घडण. त्याच वर्षी निघून दिलीप दोंदे यांनी २०१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली आणि पुढे २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी त्याच नौकेतून, कोठेही न थांबता, दुसरी केली. अशी नौका बांधणारे व सांभाळणारे हात आपल्या गोव्यात आहेत. तेव्हा दुरुस्ती होईल की नाही ही चिंता नको. ती कोणाच्या पैशाने होईल एवढेच पाहावे.

आता पावसाळा. नव्या मालकांच्या हिशेबात सहसा तोच राहून जातो. मांडवीच्या मुखाशी आग्वादजवळ वाळूचा उंचवटा आहे. नैर्ऋत्येचा वारा सुटला की लाटा त्यावर फुटतात. खनिजाच्या बार्जेससुद्धा त्या महिन्यांत नदीच्या मुखातून बाहेर न पडता कुंभारजुव्याच्या खाडीने जुवारीत उतरत व मुरगाव गाठत. २०१७ च्या जुलैत मांडवीत शिरू पाहणारी एक कॅसिनो-नौका मिरामारच्या वाळूत रुतून बसली, हे पणजीकरांनी डोळ्यांनी पाहिले आहे. यांत्रिक मासेमारीवर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस बंदी असते. पण या नौकेला बंदी नसती तरी तिने जावे कोठे? जून ते सप्टेंबर तिला जमिनीवर जागा, वर छप्पर आणि आठवड्यातून एकदा तिच्याकडे जाणारा माणूस लागतो. पागोळीचे पाणी तळाच्या खळग्यात साठले व पंपाची बॅटरी उतरली, तर नांगरलेली नौका कोणाच्या नकळत बुडते.

विक्रेत्याला व्यवहार मेअखेर उरकावयाचा आहे. त्यात लबाडीच असेल असे नव्हे, पण सवलत कशासाठी मिळते हे उमगले पाहिजे: पुढच्या चार महिन्यांचे ओझे तो किमतीसह देत आहे. नारळी पौर्णिमा उलटल्यावर, पाऊस ओसरताना, तीच नौका पाहिली तर ती पावसातून कशी निघाली हेही पाहावयास मिळेल. भाव थोडा चढेल, चढू द्यावा.

कागदपत्रांविषयी थोडक्यात. १९१७ च्या जुन्या कायद्याची जागा घेणारा अंतर्देशीय जलयान अधिनियम २०२१ साली आला आहे आणि गोव्यात या बाबतीतील कचेरी म्हणजे पणजीची कॅप्टन ऑफ पोर्ट्स. नोंदणी कोणाच्या नावे आहे, इंजिनांवरील क्रमांक कागदाशी जुळतात का, नौकेवर कर्जाचा बोजा वा बंदराची थकबाकी आहे का, परदेशी बनावटीची असल्यास सीमाशुल्क भरल्याची पावती आहे का, हे तेथे व वकिलाकडून पाहून घ्यावे. घरच्या हौसेची नौका आणि भाडे घेऊन माणसे नेणारी नौका, या दोहोंचे नियम वेगळे आहेत. दुसरीला परवानाधारक चालक, तपासणी व माणशी जीवरक्षक जाकिटे लागतात. पहिल्या प्रकारच्या कागदावर दुसऱ्या प्रकारचा धंदा करू नये. अपघात झाला तर विमा कंपनी प्रथम हेच पाहील.

आणि धंदा होईल काय? नौकांच्या जगात वार्षिक देखभाल किमतीच्या दहाव्या हिश्श्याइतकी धरण्याचा प्रघात आहे. जुन्या नौकेला ती अधिकच पडते. ४० लाखांवर ४ लाख. वर्षाला ६० फेऱ्या झाल्या तर फेरीमागे साडेसहा हजारांहून अधिक, ३० च झाल्या तर तेरा हजारांवर. आणि यात ना चालकाचा पगार आला ना मुद्दलाचे व्याज. डिझेल इंजिन अश्वशक्तीमागे तासाला साधारण एक पंचमांश लिटर खाते. २०० अश्वशक्तीची दोन इंजिने पाऊण जोराने चालविली तर तासाला ६० लिटर. जाण्यायेण्याचे दोन तास धरले की १२० लिटर, वर गरी ओढीत संथ फिरण्याचे वेगळे. डिझेलचा आजचा भाव वाचकांनीच गुणून पाहावा. इकडे पेडण्यात केरी-हरमलपासून मोरजीपर्यंत आपले कोळी बांधव लहान होडीला मागे इंजिन लावून पाहुण्यांना गरवायला नेतात. त्यांचा खर्च या खर्चाच्या पासंगालाही पुरत नाही, आणि खडप कोठे व चणक कोणत्या भरतीला नदीमुखाशी येतो, हे त्यांना नकाशावाचून ठाऊक असते.

पुतण्याची ओढ मात्र आम्हांस समजते. त्याने पु. ल. देशपांडे यांचे 'एका कोळियाने' तरुणपणी वाचले आणि तेव्हापासून समुद्र त्याच्या डोक्यात आहे. आम्ही त्याला गमतीने म्हणालो की, त्या गोष्टीतला म्हातारा लहानशा होडीतून जातो. ३८ फुटी 'पिलार' १९३४ साली खास बांधवून घेतली ती लेखकाने, आणि तीही नवी. तो हसला, पण हिशेबाचा कागद त्याने घडी करून खिशात ठेवला.

आमचे मत स्नेह्यांना आम्ही कळविले आहे. एक हंगाम पुतण्याने केरीच्या एखाद्या जाणत्या तांडेलाबरोबर भाड्याच्या होडीतून काढावा आणि पाहुणे खरोखर किती येतात ते वहीत टिपावे. त्यानंतरही ओढ टिकली तर नौका घ्यावी, पण शिलकीच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक रक्कम तीत घालू नये. उरलेल्या हिश्श्यांसाठी भागीदार पाहावेत आणि कोणी बाहेर पडल्यास काय, हे आधीच कागदावर लिहून घ्यावे. छपराचे काम यंदाच्या पावसाआधी करून टाकावे, हे आम्ही न विचारता सांगितले.

सौ. वहिनींना हा सल्ला पसंत पडला, बंधूंना पडला नाही. तरीही तिघांनी मिळून विक्रेत्याला दोन अटी कळविल्या आहेत: नौका खरेदीदाराच्या खर्चाने गोदीत पाण्याबाहेर काढून तज्ज्ञाकडून तपासू द्यावी, आणि आग्वादच्या बाहेर मोकळ्या समुद्रात, पूर्ण थ्रॉटलवर, अर्धा तास चालवून दाखवावी. पहिली अट त्याने लगेच मान्य केली. दुसरीचे उत्तर हे लिहीपर्यंत आलेले नाही.