एकाचाही नकार

शाश्वत विकासाची चर्चा आपल्याकडे तंत्रज्ञानापासून सुरू होते आणि निधीपाशी येऊन थांबते. निर्णय कोणी घ्यायचा, हे मधल्यामध्ये राहून जाते. गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने नेमका त्यालाच हात घातला. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा पुष्कळांना ठाऊक आहे. तिच्यामागची रीत फार थोड्यांना. या ग्रामसभेत बहुमत चालत नाही. एकाचाही विरोध असला तर विषय पुढे ढकलला जातो, अभ्यासगटात पुन्हा चर्चा होते आणि सगळ्यांना पटल्यावरच निर्णय होतो.

जंगल टिकण्याशी निर्णय गावाच्या हाती असण्याचा काय संबंध, ते बांबूच्या बेटात दिसते. नवे बांबू बेटाच्या कडेने फुटतात, जून बांबू आत असतो. कडेचे तोडणे सोपे, आतले ओढून काढणे कष्टाचे. नगावर मजुरी घेणारा आणि पुढच्या वर्षी इथे न परतणारा माणूस कडेचेच तोडणार, आणि बेट खचणार. ज्याच्या घराचा कूड आणि टोपली त्याच बेटातून येते, तो मात्र आत शिरतो. २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती यायला २७ एप्रिल २०११ उजाडला, आणि त्यासाठी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांना गावात यावे लागले. कायदा बाजूने असताना झालेला हा उशीर आम्हाला आजही सलतो.

सामाईक ते उजाड होणारच, असे गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये मांडले होते. वापरणारेच नियम करतात आणि राखण करतात तिथे तसे होतेच असे नाही, हे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी देशोदेशीच्या दाखल्यांनी सिद्ध केले. त्यांना नोबेल मिळाले तेही २००९ मध्येच. जेमतेम शंभर उंबऱ्यांच्या गावाची रीत शहराला कशी लागू पडेल, असे कोणी विचारेल. जशीच्या तशी नाही पडणार. पण जंगल, तळी, गायराने गावागावांतच आहेत. सर्वसहमतीला वेळ लागतो, हेही खरे. एकमताच्या नावाखाली दुबळ्याला गप्प बसवले जाते, हा आक्षेप मात्र गंभीर आहे, आणि परंपरा आपोआप न्यायी असते असे आम्ही मानत नाही. तरीही बहुमताला एका बाईचा नकार ओलांडून जाता येते; या रीतीत तिची समजूत पटेपर्यंत थांबावे लागते.

वाचकांना एकच विनंती: आपल्या गावच्या येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेला जा, आणि न पटणाऱ्या ठरावावर हात वर करण्याआधी बोला.