पासवर्ड कुणाच्या हातात?

सरकारी बांधकामांची कागदपत्रे आता क्लाउडवर जात आहेत. चांगलेच आहे, 'फाईल सापडत नाही' हे उत्तर बंद होईल. पण पासवर्ड अभियंता आणि ठेकेदाराकडेच राहिला, तर वस्तीला काय मिळाले? बोले ठराव १९२३ चा. तरी चवदार तळ्याच्या पाण्यासाठी १९२७ ला सत्याग्रह करावा लागला. कागदावरचे 'सार्वजनिक' पुरेसे नसते!

माहिती अधिकार कायद्याचे कलम ४ नोंदी संगणकावर आणा, स्वतःहून खुल्या करा, असे सांगते. मग आपल्या वस्तीतल्या रस्त्याचे, गटाराचे, समाजमंदिराचे अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका आणि बिले कुलुपात का? मित्रांनो, अर्ज करा. कामाची पाहणी करण्याचा, साहित्याचा नमुना घेण्याचा हक्कही याच कायद्याने दिला आहे. तो बजावा.

जय भीम!