मनगटाचा पट्टा आणि मनगटाचे बळ

कापसाची वेचणी आटोपली, रान मोकळे झाले की आमच्या वांकिडीच्या पंचक्रोशीत क्रिकेटला ऊत येतो. हल्ली या खेळात एक नवे भूषण दिसू लागले आहे. गोलंदाजी करणाऱ्या मुलाच्या मनगटावर काळा पट्टा असतो. कोणी तो दुखते म्हणून बांधतो, कोणी दुखू नये म्हणून, तर कोणी केवळ मित्राने बांधला म्हणून. हा पट्टा वाईट आहे असे आमचे म्हणणे नाही. परंतु तो कशासाठी आहे याचा विचार न करता बांधणे मात्र घातक आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मुळात असे ताठ पट्टे शोभतात ते दुसऱ्याच खेळात. मोठ्या शहरांतून लाकडी तक्तपोशीवर जड गोळा घरंगळत सोडून दहा खुंट पाडण्याचा खेळ असतो. त्यातील गोळा १६ पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारे सव्वासात किलो भरतो. एवढे ओझे एका हाताने झुलवताना मनगट मागे वाकू नये, म्हणून पट्ट्यात धातूची किंवा प्लॅस्टिकची पट्टी घालतात. आपल्या क्रिकेटच्या चेंडूचे वजन सुमारे १६० ग्रॅम. त्या खेळात मनगट स्थिर राहावे लागते, आपल्या खेळात ते मोकळे वळावे लागते. ताठ पट्टी घालून लेगस्पिन टाकणे म्हणजे पाय बांधून धावणेच होय!

मनगटाची थोरवी पाहावयाची असेल तर सुभाष गुप्ते यांचे स्मरण करावे. मुंबईच्या या फिरकी गोलंदाजाने १९५८ साली कानपूरच्या कसोटीत वेस्ट इंडीजचे एका डावात १०२ धावांत ९ गडी बाद केले. भागवत चंद्रशेखर यांचा उजवा हात बालपणीच पोलिओने कृश झाला होता. त्याच हाताने त्यांनी १९७१ साली ओव्हलवर ३८ धावांत ६ गडी टिपले आणि अजित वाडेकरांच्या संघाने इंग्लंडच्या भूमीवर भारताचा पहिला कसोटी विजय मिळविला. यावरून कोणी असा अर्थ काढू नये की दुखणे सोसावे. बोध एवढाच की चेंडू वळतो तो मनगटाच्या कौशल्याने आणि सरावाने; दुकानातील वस्तूने नव्हे.

शिवाय नियमही आहेत. क्रिकेटच्या २८ व्या नियमाप्रमाणे यष्टिरक्षकाखेरीज इतर क्षेत्ररक्षकांस हातमोजे घालता येत नाहीत आणि हाताला अथवा बोटांना संरक्षक वस्तू बांधावयाची तर पंचांची संमती लागते. फेब्रुवारी २०२३ मध्ये आपल्या शेजारच्या नागपुरात ऑस्ट्रेलियाविरुद्ध सामना चालू असता रवींद्र जडेजा यांनी सुजलेल्या बोटाला पंचांना न विचारता मलम लावले, तेव्हा त्यांच्या मानधनातून २५ टक्के दंड कापला गेला. जेथे मलमाला विचारावे लागते तेथे पट्ट्याला विचारावे हे ओघानेच आले.

आता पट्टा केव्हा घ्यावा? डॉक्टरांनी सांगितला असेल तेव्हा. मुरगळलेले मनगट बरे होत असताना मऊ, लवचीक पट्टा उपयोगी पडतो. ताठ पट्टीचा पट्टा विश्रांतीसाठी असतो, खेळासाठी नव्हे. घेताना शिंप्याच्या फितीने मनगटाचा घेर मोजून न्यावा आणि पट्टा डाव्या हाताचा की उजव्या हे पाहावे. बांधल्यावर आत एक बोट सहज शिरले पाहिजे. नखावर दाबून सोडल्यास दोन सेकंदांत लाली परतली पाहिजे. बोटे बधिर, गार किंवा निळसर झाली तर पट्टा तत्काळ सैल करावा. घामाने भिजलेला पट्टा रोज धुऊन वाळवावा, नाहीतर कातडीला खाज सुटते. आणि बरे वाटल्यावरही तो दिवसरात्र बांधून ठेवू नये. जे सांधे हलत नाहीत ते आखडतात, जे स्नायू राबत नाहीत ते दुबळे होतात.

बळ वाढवावयास पैसा लागत नाही. ओले धोतर पिळावे, जुना चेंडू मुठीत दाबावा, कोपरापासूनचा हात मेजावर टेकवून पाण्याने भरलेला तांब्या मनगटाने हळूहळू वर-खाली करावा. मात्र हे सारे दुखत नसेल तरच.

खरा धोका निराळाच आहे. वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी कोवळ्या कूर्चेचा थर असतो; हाड तेथूनच वाढते आणि इजाही तेथेच लवकर होते. तळहातावर पडल्यावर अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या खळग्यात दाबून दुखत असेल तर तेथील लहानसे हाड मोडलेले असू शकते. ही मोड पहिल्या क्ष-किरण चित्रात कित्येकदा दिसत नाही. दहा-चौदा दिवसांनी पुन्हा तपासावे लागते. वेळीच उपचार झाले नाहीत तर हाड जुळत नाही आणि हात आयुष्यभर दुखतो. अशा मनगटावर पट्टा आवळून दहा षटके टाकणे म्हणजे भिंतीची भेग कागद चिकटवून झाकणे होय.

मुले हे दुखणे का लपवतात? संघातील जागा जाईल या भीतीने. येथे दोष मुलांचा कमी, आम्हा मोठ्यांचा अधिक. ज्याने दुखणे सांगितले त्याची जागा राखून ठेवावी, आणि बरा होऊन येताच त्याला चेंडू द्यावा, असा रिवाज प्रत्येक शाळेने पाडावा, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. पालकांनीही ‘खेळताना लागायचेच’ म्हणून तक्रार उडवून लावू नये. ज्या हाताने आज चेंडू टाकावयाचा, त्याच हाताने उद्या लेखणी धरावयाची आहे, कापूस वेचावयाचा आहे आणि संसाराचा भार उचलावयाचा आहे. एका सामन्याच्या विजयासाठी तो हात गहाण टाकण्याचा अधिकार कोणालाही नाही.