तहकुबीची सूचना केव्हां आणावी?

कायदेमंडळाचें ठरलेलें कामकाज बाजूस सारून एकाच तातडीच्या प्रश्नावर चर्चा व्हावी, यासाठीं जी सूचना आणतात तिला पूर्वीं तहकुबीची सूचना म्हणत; आतां स्थगन प्रस्ताव म्हणतात. शेतकऱ्यांचे कैवारी सभासद हें हत्यार ऊठसूट उगारतात, व अध्यक्ष सूचना बहुधा नामंजूर करतात. यांत दोष कोणाचा, याचा विचार आपण कास्तकारांनींही केला पाहिजे. कारण गाऱ्हाणीं आपलींच असतात.

लोकसभेचा नियम असा कीं, प्रश्न एकच, निश्चित स्वरूपाचा, नुकताच उद्भवलेला व सार्वजनिक महत्त्वाचा असावा, आणि त्याची जबाबदारी केंद्र सरकारवर असावी. अध्यक्षांनीं संमति दिल्यावरही कोणीं हरकत घेतल्यास ५० सभासदांनीं उभें राहून पाठिंबा द्यावा लागतो. ही चाळण बारीक खरी, पण शहाणपणाची आहे.

२०२३ सालचें उदाहरण घ्या. नोव्हेंबरअखेर नाशिककडे गारपिटीनें द्राक्षें व कांदा झोडपला. ७ डिसेंबरास नागपुरांत विधिमंडळाचें अधिवेशन सुरू झालें, आणि ८ डिसेंबरपासून केंद्र सरकारनें कांद्याची निर्यात बंद केली. पुष्कळ ठिकाणीं दोन्ही घाव एकाच शेतकऱ्यावर पडले. परंतु गारपिटीच्या मदतीचा जाब नागपुरांत विचारावयाचा, व निर्यातबंदीचा दिल्लींत. लोकसभेचें अधिवेशनही त्या वेळीं चालूच होतें. चुकीच्या दारीं कितीही हाका मारल्या तरी दार उघडत नाहीं.

माझ्या मतें खरी कसोटी एकच : थांबल्यानें होणारें नुकसान मागाहून भरून येणारें आहे काय? महसूल खात्याच्या नोकरींत मीं पाहिलें आहे कीं, पंचनाम्यापूर्वीं शेत नांगरलें गेलें म्हणजे नुकसानीचा पुरावाच नाहींसा होतो. पंधरा दिवसांनीं झालेली उत्तम चर्चा त्या शेतकऱ्यास काय कामाची? अशा वेळीं अध्यक्षांनीं नियमाच्या शब्दावर बोट ठेवून सूचना फेटाळूं नये. उलट हमीभाव, वीजदर, कर्ज हीं वर्षानुवर्षांचीं दुखणीं अंदाजपत्रकाच्या चर्चेंत मांडावीं. रोज लांडगा आला म्हणून ओरडल्यास खरा लांडगा येईल त्या दिवशीं कोणी धांवणार नाहीं.

म्हणून सभासदाकडे अर्ज धाडतांना घटनेची तारीख, गांवें, नुकसानीचें स्वरूप, आणि सरकारनें आजच काय करावें, हें चार ओळींत लिहावें. एवढें हातीं असल्यास सभासदास ठामपणें बोलतां येईल, आणि अध्यक्षांसही नाहीं म्हणणें जड जाईल.