नवी मुंबईचा विमानतळ आणि आपण मॉरिशसचे मराठी

नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्‌घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी भारताचे पंतप्रधान श्री. नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाले, आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तेथून प्रवासी विमाने उडू लागली. ही बातमी आपल्या बेटावरही पोहोचली. काहींनी कमळाच्या आकाराच्या त्या इमारतीची छायाचित्रे कौतुकाने पाहिली, काहींनी "आपल्याला त्याचे काय?" असे म्हणून पान उलटले. पण आपल्या मराठी कुटुंबांनी या बातमीपाशी जरा थांबले पाहिजे, असे माझे मत आहे. ज्या भूमीतून आपले पूर्वज निघाले, तिच्या अगदी दारात हा विमानतळ उभा राहिला आहे. त्याचा आपल्याला उपयोग होणार की नाही, हे काही प्रमाणात आपल्याच हातात आहे.

प्रथम जुन्या विमानतळाकडे पाहू. आपले विमान मुंबईत सहारला, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळावर उतरते. २०१४ साली तेथे नवे टर्मिनल सुरू झाले. ते देखणे आहे, याबद्दल वाद नाही. परंतु त्या विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदून जातात, त्यामुळे दोन्हींचा एकाच वेळी वापर करता येत नाही. चारी बाजूंनी शहर आणि वस्ती, म्हणून वाढायला जागा नाही. एवढ्याशा जागेतून वर्षाला पाच कोटींहून अधिक प्रवासी येतात-जातात. आपल्या विमानाने आकाशात घिरट्या का घातल्या, उतरल्यावर इतका वेळ का लागला, याचे उत्तर पुष्कळदा येथेच सापडते.

नव्या विमानतळाची जागा सुमारे ११६० हेक्टर आहे. पहिल्या टप्प्यात एक धावपट्टी आणि एक टर्मिनल असून वर्षाला दोन कोटी प्रवाशांची सोय होईल. सर्व टप्पे पूर्ण झाल्यावर ही संख्या नऊ कोटींवर जावी, अशी योजना आहे. अदानी समूहाची कंपनी आणि महाराष्ट्र शासनाचे सिडको मंडळ यांनी मिळून तो बांधला. सुरुवात भारतातल्या भारतात जाणाऱ्या विमानांनी झाली. पण ज्याचे नावच आंतरराष्ट्रीय विमानतळ आहे, तेथे परदेशी उड्डाणांचा विचार होणारच. तो होत असताना मॉरिशसचा मराठी माणूस कोणाच्या ध्यानात असेल काय, हा माझा प्रश्न आहे.

आता जागा कोठे आहे, ते पाहा. नाव नवी मुंबई असले तरी विमानतळ रायगड जिल्ह्यातल्या पनवेल तालुक्यात आहे. मुंबई-गोवा महामार्ग पनवेलपासून सुरू होतो. कोकणात जाणाऱ्या बहुतेक आगगाड्या पनवेलला थांबतात. अष्टविनायकांपैकी महडचा वरदविनायक आणि पालीचा बल्लाळेश्वर हे दोन गणपती याच जिल्ह्यात आहेत. शिवरायांचा राज्याभिषेक झाला तो रायगड किल्लाही याच जिल्ह्यात. पुण्याकडे, जेजुरीकडे, पंढरपुराकडे जाणारा द्रुतगती मार्गही पनवेलजवळच्या कळंबोलीहून निघतो. आपल्याकडचे बहुतेक यात्रेकरू आणि आपले मूळ गाव शोधायला निघालेले तरुण यांचा रस्ता पनवेलवरूनच जातो. आज ते सहारला उतरतात आणि मुंबईची गर्दी ओलांडून पनवेल गाठतात. सहा-सात तासांचा विमानप्रवास झाल्यावर दोन तास मोटारीत बसून पनवेलला पोहोचायचे, आणि कोकणची वाट तेथून सुरू करायची. म्हाताऱ्या माणसांना हे सोपे नसते.

आपल्यातल्या कित्येक घराण्यांचे मूळ रत्नागिरी, सावंतवाडी, कोल्हापूर, सातारा या भागांत आहे. गणेशोत्सवात आपल्याकडे नाचली जाणारी झाकरी कोकणातल्या जाखडीचीच बहीण आहे. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जुन्या आप्रवासींची कागदपत्रे जपून ठेवलेली आहेत. त्यांची नक्कल हातात घेऊन आपली मुले महाराष्ट्रात जातात. त्या कागदावर गावाचे नाव गोऱ्या कारकुनाने जसे ऐकले तसे लिहिलेले असते, तालुका कधी असतो, कधी नसतो. २०२४ साली भारताने मॉरिशसमधील सातव्या पिढीपर्यंतच्या भारतीय वंशजांना ओसीआय कार्ड देण्याचे जाहीर केले, तेव्हापासून अशा शोधाला नवा हेतू मिळाला आहे. पूर्वजांचा पुरावा शोधणारी ही मंडळी विमानतळावर उतरली की पुढे कोठे जावे, कोणाला विचारावे, हे त्यांना सांगणारे कोणी नसते.

म्हणून विमानतळाची सेवा कशाला म्हणावे, याचा विचार आपण आपल्या गरजेवरून केला पाहिजे. दुकाने, चकचकीत फरशी, मोठमोठे पडदे ही शोभा झाली. आपल्या सत्तर वर्षांच्या आजीला चाकांची खुर्ची वेळेवर मिळाली काय? तिला तिच्याशी बोलता येईल असा माणूस भेटला काय? बाहेर पडल्यावर पनवेल स्थानकाची आणि एस.टी.ची बस कोठे मिळते, हे कोणी सांगितले काय? माझ्या दृष्टीने विमानतळाची परीक्षा या प्रश्नांवर होते.

नव्या सोयींचेही असेच आहे. भारतात डिजी यात्रा नावाची सेवा २०२२ साली सुरू झाली. चेहरा ओळखून प्रवाशाला आत सोडतात. ही सोय आधार क्रमांकाच्या पायावर उभारलेली आहे, आणि मॉरिशसहून जाणाऱ्या यात्रेकरूकडे आधार नसतो. यंत्र जितके हुशार होत जाईल, तितका आपला माणूस बाजूच्या रांगेत उभा राहील, असे होऊ नये. याउलट, दोन्ही सरकारांनी मनावर घेतले तर सोय होऊ शकते, याचेही उदाहरण आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये मॉरिशसमध्ये रुपे कार्ड आणि यूपीआय सेवा सुरू झाली. पैशाच्या व्यवहारात जे जमले, ते प्रवाशाच्या सोयीत का जमू नये?

भाषेचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपल्या घरांत आज क्रिओल बोलली जाते. मराठी आपली मुले शाळेत, बैठकांत आणि भजनांत शिकतात. वर्षानुवर्षे शिकलेली ही भाषा खरोखरी कोठे चालते, असे मूल विचारते, तेव्हा आईबाप महाराष्ट्राकडे बोट दाखवतात. महाराष्ट्राच्या भूमीवर पहिले पाऊल पडते ते विमानतळावर. तेथे पाट्या मराठीत ठळक असतील, सूचना मराठीत ऐकू येतील, चौकशीच्या खिडकीवरचा माणूस मराठीतून विचारले तर मराठीतून उत्तर देईल, तर त्या मुलाची दहा वर्षांची शिकवणी त्या एका क्षणी सार्थकी लागेल. तेथे सगळे हिंदी-इंग्रजीतच चालले, तर घरी परतल्यावर त्याला मराठीच्या वर्गाला पाठवणे आपल्याला अधिक अवघड जाईल. मुंबईत राहणाऱ्याला मराठी पाटी ही मानाची बाब वाटेल. आपल्यासाठी ती भाषा टिकण्याची बाब आहे.

या विमानतळाची दुसरी बाजू आपण विसरता कामा नये. तो मोकळ्या माळावर उभा राहिलेला नाही. उलव्याची टेकडी सपाट केली गेली, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला, आणि दहा गावांना आपली घरे, देवळे आणि स्मशानभूमी सोडून दुसरीकडे जावे लागले. ती गावे मुख्यतः आगरी-कोळी समाजाची. भातशेती, मिठागरे आणि मासेमारी यांवर जगणारी. नवी मुंबई वसवण्यासाठी सिडकोने १९७० नंतर या पट्ट्यातील जमिनी घेतल्या, तेव्हाही किंमत याच लोकांनी मोजली. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात जासईच्या परिसरात शेतकऱ्यांच्या आंदोलनावर गोळीबार झाला आणि पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्या लढ्याचे नेते होते दि. बा. पाटील. त्या झगड्यातूनच घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन शेतकऱ्याला परत देण्याचे धोरण आले. विमानतळग्रस्तांना पुढे साडेबावीस टक्के देण्याचे ठरले, त्यामागेही तीच पुण्याई आहे.

आपण हे का आठवावे? कारण आपले पूर्वजही जमीन आणि पोट यांच्या ओढाताणीतूनच मुंबईच्या बंदरावर आले होते. त्यांना जहाजात बसवणाऱ्यांनीही प्रगतीचीच भाषा केली असेल. जमीन सुटलेला माणूस कोठे जातो, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक आहे? या विमानतळाला दि. बा. पाटील यांचे नाव द्यावे, असा ठराव महाराष्ट्राच्या विधिमंडळाने २०२२ साली केला. त्या मागणीला मॉरिशसच्या मराठी माणसाने मनापासून पाठिंबा द्यावा, असे मला वाटते. प्लेझान्सच्या आपल्या विमानतळावर सर शिवसागर रामगुलाम यांचे नाव आहे. बिहारहून करारावर आलेल्या एका मजुराच्या मुलाचे हे नाव रोज हजारो प्रवासी वाचतात, आणि आपल्याला त्याचा अभिमान वाटतो. मजुराच्या मुलाच्या नावाच्या विमानतळावरून उडालेले विमान शेतकऱ्यांच्या नेत्याच्या नावाच्या विमानतळावर उतरले, तर त्याहून योग्य गोष्ट कोणती?

माझ्या म्हणण्यावर काही आक्षेप येतील, आणि ते खोटे नाहीत. कोणी म्हणेल, आमचे नातेवाईक आणि ओळखीचे लोक दादर-गिरगावात आहेत, लग्नाची खरेदी मुंबईत होते, आम्हाला सहारच बरे. कोणी म्हणेल, सहारहून युरोपला आणि इतरत्र जाणारी विमाने मिळतात, ती सोय तोडू नका. तिसरा म्हणेल, आपल्या विमान कंपनीचे दिवस कठीण गेले आहेत. एप्रिल २०२० मध्ये एअर मॉरिशसला प्रशासकाच्या स्वाधीन करावे लागले आणि २०२१ साली ती त्यातून बाहेर आली. तोट्याचा नवा खेळ तिने मांडू नये. या तिन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. म्हणून सहार सोडून द्या, असे माझे म्हणणे नाही. यात्रेच्या आणि शाळांच्या सुट्टीच्या दिवसांत, विशेषतः नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, एखादे उड्डाण नव्या विमानतळावर उतरवता येईल काय, याचा हिशोब मांडून पाहावा, एवढेच सांगणे आहे. शिवाय जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या शिवडी-न्हावा शेवा येथील अटल सेतूमुळे दक्षिण मुंबई नव्या विमानतळाच्या बरीच जवळ आली आहे. गिरगावचा पाहुणाही फार दूर पडणार नाही.

नुसती इमारत उभी राहिली म्हणजे सेवा मिळतेच, असे नाही, याचे उदाहरण कोकणातच आहे. सिंधुदुर्गात चिपी येथे ऑक्टोबर २०२१ मध्ये विमानतळ सुरू झाला. आपल्यापैकी सावंतवाडीकडच्या घराण्यांना त्याचा किती आनंद झाला असता! पण मुंबईहून तेथे नियमित विमानसेवा टिकवणे अवघड गेले. मागणी करणारे संघटित नसले की विमान कंपन्या दुसरीकडे वळतात. हा धडा आपल्यालाही लागू आहे.

आपल्याकडे मराठी संस्थांची उणीव नाही. मंडळ्या आहेत, फेडरेशन आहे, युनियन आहे, सांस्कृतिक केंद्र आहे. पाहुणे आले की हार-तुरे घेऊन प्लेझान्सला जायला माणसे कमी पडत नाहीत. आता त्याच उत्साहाने या सर्व संस्थांनी एकत्र बसून एक निवेदन लिहावे आणि ते एअर मॉरिशस, भारतीय उच्चायुक्तालय आणि महाराष्ट्र शासन या तिघांकडे धाडावे. त्यात चार गोष्टी असाव्यात. सुट्टीच्या हंगामात नवी मुंबईला थेट उड्डाणाचा विचार करावा. विमानतळावर मराठी पाट्या, मराठी सूचना आणि मराठी बोलणारा सेवक असावा. पनवेल स्थानक आणि एस.टी. यांच्यापर्यंत विमानाच्या वेळेला बस असावी. आणि परदेशातून आपले मूळ गाव शोधत येणाऱ्या मराठी वंशजांसाठी मार्गदर्शनाची एक खिडकी असावी.

निवेदनासोबत आकडे मात्र हवेत. आपल्यातले किती लोक वर्षाला महाराष्ट्रात जातात, कोणत्या महिन्यात जातात, उतरल्यावर कोणत्या गावाकडे वळतात, याची नोंद प्रत्येक गावच्या मंडळीने आपल्या सभासदांकडून घ्यावी. विमान कंपनी भावनेवर विमान उडवत नाही, प्रवासी मोजून उडवते. दिवाळीच्या आत प्रत्येक मंडळीने एक वही भरली, तरी बोलायला आधार मिळेल.

आपले पूर्वज मुंबईच्या बंदरातून निघाले तेव्हा कित्येक आठवडे समुद्रावर राहून पोर्ट लुईच्या घाटाच्या पायऱ्या चढले. कोठे उतरायचे, हे त्यांना कोणी विचारले नाही. आपण तिकीट काढून जाणारे स्वतंत्र देशाचे नागरिक आहोत. कोठे उतरायला आवडेल, हे आपण सांगू शकतो. मंडळीच्या पुढच्या बैठकीत हा विषय कोणी तरी काढावा, एवढी विनंती.